दीर्घ जीप

माझ्या धाकट्या भावाकडे एक जीप आहे. लांबी वीतभर, तीही पुरती नाही. धातूची आहे, त्यामुळे हातात घेतल्यावर दिसते त्यापेक्षा जड लागते. रंग लष्करी हिरवा, बॉनेटवर पांढरा तारा, मागे स्टेपनी, उजव्या-डाव्या अंगाला पट्ट्याने बांधलेलं फावडं आणि कुऱ्हाड. समोरची काच पुढे आडवी पडते. बॉनेट उघडतं आणि आत इंजिन आहे. स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे आणि ते बोटाने फिरवलं की पुढची चाकं वळतात.

खऱ्या जीपचा इतिहास आमच्याकडे जुन्या माणसांना ठाऊक असतो. ती लढाईसाठी बनली. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि शेतकऱ्यांनी, ठेकेदारांनी त्या घेतल्या. त्यांना अजूनही 'डिस्पोजलची जीप' म्हणतात. कापसाच्या गाठी, लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं, सगळं त्यातून गेलं. आता तशाच घडणीच्या उघड्या जीपला रुंद टायर लावून तरुण मुलं रविवारी तोरणमाळच्या घाटात जातात. भावाला तशी एक हवी होती. त्याने ती घेतली नाही. कारण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

छोटी जीप त्याने मागवली ती माझ्या पत्त्यावर, नंदुरबारला. तो आणि आई लोणखेड्याला राहतात. खोका आईच्या हाती पडू नये, एवढाच हेतू होता. चौतीस वर्षांचा माणूस खेळणं मागवतो हे आईला समजावणं त्याला अवघड वाटलं असावं. तो मिरची घेऊन बाजारात आला, माल उतरवला आणि मला फोन केला. खोका घेऊन मी गावाबाहेरच्या पथारीवर गेले. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायची मोकळी जागा. नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ठसका लागतो. तिथेच त्याने खोका उघडला.

"ताई, फोटो काढ ना," तो म्हणाला. "तुले जमस."

मला जमतं हे खरं. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. छायाचित्रकारांच्या शेजारी बसून काही गोष्टी शिकले. मोबाईल जमिनीला टेकवला, म्हणजे गाडी आभाळावर आली. मागची मिरची धूसर केली, म्हणजे नुसता लाल पट्टा राहिला. ऊन कलतं होतं आणि चाकांची सावली लांब पडली होती. जवळ पडलेली एक मिरची उचलून फेकली, कारण तिच्यामुळे माप कळत होतं. पहिल्या फोटोत बॉनेटवर मुंगळा आला होता. तो फोटो काढून टाकला. दुसऱ्या फोटोत कुठलंही पान, काडी, खडा नव्हता. त्या फोटोत एक जुनी लष्करी जीप लाल माळावर उभी होती आणि ती पूर्ण आकाराची होती.

भाऊ बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला. मग तो त्याने मोबाईलवर स्वतःच्या नावापुढे लावला. मित्रांनी विचारलं, कधी घेतली, किती ॲव्हरेज देते. त्याने हसण्याची चिन्हं पाठवली. यात कोणाची फसवणूक नव्हती. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं ठाऊक होतं आणि उरलेल्यांना त्याने भेटल्यावर सांगितलं.

त्याच्या लग्नाचं तेव्हा आईने जवळजवळ सोडून दिलं होतं. भावाची शेती बागायती आहे. केळी, पपई, ऊस, थोडी मिरची. शिक्षण शेतकीचं. व्यसन नाही. पण फोनवर पहिला प्रश्न येतो, नोकरी कुठे? शेती म्हटलं की समोरचा माणूस हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. मुली नाही म्हणत नाहीत, त्यांच्यापर्यंत गोष्ट जातच नाही. भावाने याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त दुसऱ्यांच्या लग्नाला जाणं त्याने कमी केलं, आणि गेलाच तर पंगतीत वाढायला उभा राहायचा, म्हणजे कोणाशेजारी बसावं लागत नाही.

आईचे एक मामेभाऊ आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. स्थळं जुळवणं हा त्यांचा छंद आहे. त्यांनी भावाची माहिती समाजाच्या ग्रुपवर टाकायचं ठरवलं आणि आधी मजकूर मला पाठवला.

"तू पेपरवाली शे," ते फोनवर म्हणाले. "तेवढं शुद्धलेखन दखी दे. आमनं ऱ्हस्व-दीर्घ तुले माहीतच शे."

मजकूर पाच-सहा ओळींचा होता. स्वतःची बागायती शेती, निर्व्यसनी, स्वभाव शांत. शेवटची ओळ होती, 'घरी ट्रॅक्टर, जिप.'

मी ती ओळ वाचली आणि चूक पकडली. जिप असं ऱ्हस्व लिहिलं तर लोक 'जि.प.' वाचतील. घरात कोणीतरी जिल्हा परिषदेत नोकरीला आहे असा समज होईल आणि तो चुकीचा असेल. एखाद्या स्थळाने त्यावरून होकार दिला आणि मग नोकरी नाही असं कळलं, तर काय? मी ऱ्हस्व वेलांटी काढून दीर्घ दिली. जीप. मग आणखी दोन ठिकाणी स्वल्पविराम टाकले आणि मजकूर 'ओके' लिहून परत पाठवला. डेस्कवर ओके लिहिलं की पान छपाईला जातं.

जीप कोणती आणि केवढी, हे भाऊ सोडला तर माझ्याइतकं नेमकं कोणालाच ठाऊक नव्हतं. माझी नजर वेलांटीवर होती.

मामांनी मजकुरासोबत भावाचा केळीच्या बागेतला फोटो टाकला आणि शेजारी त्याच्या नावापुढचा जीपचा फोटोही टाकला. भावाला ते दोन दिवसांनी कळलं. त्याने मामांना फोन करून जीपचा फोटो काढून टाकायला सांगितलं. मामा म्हणाले, आता कुठे काढतोस, चार ग्रुपवर गेला. खेळणं एव्हाना शोकेसमध्ये मांडलेलं होतं आणि आईला ठाऊक झालं होतं. तिचं म्हणणं वेगळं होतं.

"जीप शे म्हनं, तं शे ना," ती म्हणाली. "शोकेसमा शे. खोटं कोठे शे त्यामा?"

आम्ही तिघंही हसलो.

महिनाभरात म्हसावदच्या पुढच्या एका गावातून बोलावणं आलं. भाऊ, आई आणि मामा मुलगी पाहायला गेले. मी गेले नाही. मुलगी पदवीधर होती, खाजगी शाळेत शिकवत होती. भाऊ आणि ती घराच्या मागच्या अंगणात थोडा वेळ बोलले. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही. परत आल्यावर त्याने ट्रॅक्टर धुतला. आईने मला फोन करून सांगितलं, "पोर हो म्हने. तिनाच तोंडथीन म्हने." मुलीकडून होकार आल्यावर आता फक्त घर पाहणं उरलं होतं. ते आमच्याकडे औपचारिक मानलं जातं. लोक येतात, चहापोहे घेतात, विहीर पाहतात आणि तारखेचं बोलतात.

त्या दिवशी मी सकाळीच लोणखेड्याला गेले. पाहुणे तिघे होते. मुलीचे वडील, तिची आत्या, म्हणजे आमच्या बोलीत फुई, आणि मुलीचा मोठा भाऊ. वडील सरकारी खात्यात ड्रायव्हर होते, आता निवृत्त. पांढरा सदरा, पांढरी पँट आणि पायात कॅनव्हासचे बूट. उन्हाळ्यात खेड्यातल्या बैठकीला कोणी बूट घालून येत नाही, म्हणून ते लक्षात राहिले.

ते ओट्यावर बसले नाहीत. आधी ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत गेले, आत डोकावले, शेडच्या मागेही पाहून आले. मग पुढच्या खोलीत येऊन बसले आणि पाण्याचा ग्लास हातात घेऊनच म्हणाले, "पहिले जीप दखाडा. मंग चहा लेसूत."

ते हसले आणि आईकडे वळले.

"मन्ही पोरनी फोटो दखाडा, तवयच मी म्हनं, हाई डिस्पोजलनी शे. डावं स्टेरिंग! आते कोठे दिसस? मी नोकरीले लागनू तवय आमना खातामा एक व्हती. तिन्हावरच हात बसना मन्हा." त्यांनी पाय जरा पुढे केले. "चप्पलवर क्लच दबास नै बराबर, म्हनीसन बूट घाली उनू. एक चक्कर मारू द्या फक्त."

फुई म्हणाल्या, "सकाळपासून हाईच चालू शे यान्हं. पोरनं घर दखाले उनात का गाडी दखाले, मले तं समजत नै."

मामा पुढे सरसावले. "जीप सर्व्हिसिंगले शे. शहादाले."

"कोनता गॅरेजले? जाता जाता तठेच उतरसूत."

"तो... आज बंद शे."

स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये एक दार आहे. मी पोह्यांचा ट्रे घेऊन त्या दारात उभी होते. भाऊ मुलीच्या वडिलांच्या समोर बसला होता. तो उठला, माझ्या अगदी जवळून गेला, शोकेसची काच सरकवली आणि जीप तळहातावर घेऊन परत आला. पाण्याच्या ग्लासांशेजारी टिपॉयवर त्याने ती ठेवली. तिचं तोंड पाहुण्यांकडे केलं.

"हाई जीप शे," तो म्हणाला. "सर्व्हिसिंगले काही नै. एवढीच शे."

छताचा पंखा चालू होता. मुलीच्या भावाने आधी मामांकडे पाहिलं, मग जीपकडे. फुईंनी चष्मा वर सरकवला.

"हाई?" त्या म्हणाल्या. मग भावाकडे वरपासून खालपर्यंत बघत, "बरं झायं माय, नवरदेव तरी पुरा मापना शे!"

मुलीचा भाऊ हसला. मामा त्याच्याहून मोठ्याने हसले. फुईंना जोर आला.

"केळीना बागना बी फोटो व्हता. तो बाग कोठे शे, परातमा लाई ठेवेल शे का?"

मुलीचे वडील हसले नाहीत. त्यांनी जीप उचलली. आधी वजन पाहिलं. बोटाने स्टिअरिंग फिरवलं, चाकं वळताना पाहिली, परत सरळ केली. बॉनेट उघडून आत पाहिलं आणि नीट बंद केलं. त्यांनी ती टिपॉयवर ठेवली तेव्हा त्यांचे बूट कोचाखाली गेले होते. पाय त्यांनी मुद्दाम मागे घेतले की आपोआप गेले, हे मला सांगता येणार नाही.

"फोटो कोनी काढा?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरोखर माहिती हवी असावी असा तो प्रश्न होता.

भाऊ म्हणाला, "मीच काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी नंतर काही दिवस स्वतःला सांगत होते. आईने माझ्याकडे पाहिलं होतं. मामांनीही पाहिलं होतं. मी दारातून पुढे झाले, ट्रे टिपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "पोहे ल्या ना. थंड व्हतीन."

पुढचं सगळं रीतसर झालं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले. भावाने त्यांना बाग दाखवली. मुलीच्या वडिलांनी पाण्याचं, खतांचं विचारलं, भावाने सांगितलं. ठिबकच्या नळीची एक जोडणी गळत होती, ती त्याने चालता चालता बसवली. परत येईपर्यंत कॅनव्हासच्या बुटांना चिखल लागला होता. आईने पाणी पुढे केलं, पण त्यांनी बूट धुतले नाहीत. निघताना ते आईला नमस्कार करून म्हणाले, "कळाडसूत." फुईंनी गाडीत बसताना भावाच्या पाठीवर थाप मारली. ती थाप कशाची होती यावर आई दोन दिवस विचार करत होती.

निरोप मामांकडून आला. नकार होता आणि तो मुलीचा होता. मामांनी तिचं बोलणं जसं ऐकलं तसं सांगितलं. सांगताना ते मधेच थांबत होते.

"पोर म्हने, जीप नै तं नै. मी जीपसंगे लगीन करी नै ऱ्हायनी. पन तो फोटो तिनी परत दखा, मोठा करीसन. त्यामा एक काडी नै, एक पान नै. सगळं येची येचीसन काढेल शे. इतला इचार करीसन फसाडनारा मानूस मले नको, असं म्हने ती."

आई म्हणाली, "आपला पोऱ्यानी कोठे येचं?" आणि तिची नजर माझ्याकडे वळली. फोन स्पीकरवर होता. भाऊ दाराशी बसून बूट काढत होता. त्याने ऐकलं, बूट काढून झाले, आणि तो हातपाय धुवायला मागे गेला.

मुलीचं निरीक्षण अचूक होतं. डेस्कवर मी असा फोटो कोणाकडून आला असता तर हेच विचारलं असतं, यात माप देणारी एकही वस्तू का नाही. तिने बरोबर ओळखलं होतं की हे कोणीतरी विचारपूर्वक केलं आहे. फक्त माणूस ओळखण्यात ती चुकली होती, आणि ती का चुकली हे ठाऊक असलेली मी, घरात बसून हे ऐकत होते.

भावाला न सांगता मी मामांकडून मुलीच्या वडिलांचा नंबर घेतला. नंदुरबारला घरी आल्यावर फोन लावला. मी शुद्ध मराठीत सुरुवात केली. बातमीसाठी अधिकाऱ्यांना फोन करायचे तशी.

"नमस्कार. मी मुलाची मोठी बहीण बोलतेय. त्या फोटोबद्दल खुलासा करायचा होता. तो फोटो माझ्या भावाने काढलेला नाही. मी काढला."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"तुमी तठेच व्हत्यात ना?" ते म्हणाले. "दारमा. पोहे लिसन."

"हो."

"मंग तवय काब्र नै बोलन्यात?"

फोन करण्याआधी पहिलं वाक्य तीनदा मनात म्हटलं होतं, पण तेव्हाच का बोलले नाही हा प्रश्न येईल असं डोक्यात आलं नव्हतं. पत्रकाराने पहिला विचारावा असा तो प्रश्न होता.

"दखा बाई," ते म्हणाले. त्यांचा सूर आताही रागाचा नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तो मामा म्हने जीप सर्व्हिसिंगले शे. तुमना भाऊ उठना आनि खरं सांगं. आपलं नुसकान व्हई हाई माहीत शे, तरी सांगं. मन्हा मनमा तवयपासून तो पोऱ्या बठेल व्हता. पोर नै म्हनस, फुई हसस, पन मी घरमा त्यान्हीच बाजू लेत व्हतू. काल राती बी मी पोरले म्हनं, फोटो काढा व्हई गंमतमा, पन खोटं नै बोलना तो. आते तुमी म्हंतस, फोटो त्यानी काढाच नै. म्हंजे मन्हा तोंडवर तो खोटंच बोलना. आते मी पोरले काय सांगू?"

मी म्हणाले, "तो मला वाचवायला बोलला."

"व्हई. पन आज बहिनीले वाचाडाले खोटं बोलना, उद्या आनखी कोनले वाचाडाले बोली. तुमी फोन नै करता तं बरं व्हतं. नै तं तवयच बोलतात."

मग त्यांनी आईची तब्येत विचारली, म्हसावदकडे आलात तर चहाला या म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी लोणखेड्याला गेले. भाऊ केळीत होता, घडांना पिशव्या चढवत होता. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. तो हातातलं काम करत ऐकत होता. एका घडाची पिशवी बांधून झाली, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे जीपबद्दल मी खरा, फोटोबद्दल मी खोटा. शेवट खोटाच ठरनू."

"मी त्यांना परत फोन करते."

"नको!" तो पहिल्यांदाच जोरात बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, फोन कराना पहिले मले एकदाव इचारती."

मी विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. मुलीचे वडील तिच्याशी आणखी बोलत राहिले असते. त्याने काय झालं असतं हे सांगता येत नाही. मी सकाळी बसने नंदुरबारहून निघाले तेव्हापासून, आणि खरं म्हणजे आदल्या दिवशी फोन ठेवला तेव्हापासून, मला एक प्रकारचं हलकं वाटत होतं. मी माझ्या वाटणीचं सांगून टाकलं होतं. ते हलकं वाटणं मला केळीच्या बांधावर उभं असताना लक्षात आलं, आणि मान खाली गेली. भाऊ पुढच्या झाडाकडे गेला. त्याने मला पिशव्यांचा गठ्ठा धरायला दिला आणि आम्ही ती ओळ पूर्ण केली. पुढे त्या मुलीचं लग्न दुसरीकडे ठरल्याचं मामांकडून कळलं.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. तळोद्याकडचे कोणी लोक रविवारी घर पाहायला येणार आहेत. यावेळी मजकूर कोणाकडेही तपासायला आला नव्हता.

"येशी ना?" त्याने विचारलं.

"मी यायची गरज आहे का?"

त्याच्या मागे आई काहीतरी सांगत होती, ते मला नीट ऐकू आलं नाही.

"माय म्हनस," तो म्हणाला, "पाहुनासमोर बोलनारी घरमा एक तं पाहिजे."

आई हे साधेपणाने म्हणाली की टोमणा होता, आणि त्याने तो जसाच्या तसा पोचवला की मवाळ करून, हे मी विचारलं नाही. येते म्हणाले.